परवा पाणी दिलेला वाफा

“किती वेळ लागेल, बाबा?”

बाबांनी वर पाहिलं नाही. समोरच्या वाफ्याकडं बघत बसून राहिले.

“नाही, म्हणजे… सव्वाचारची गाडी आहे. तिच्यानंतर थेट गाडी नाही.”

“कशाला वेळ लागेल?”

“तुमच्या उत्तराला.”

“प्रश्न कुठं विचारलात अजून, जावईबापू?”

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. पोटच्या पोराची शपथ घेऊन सांगतो. मी तिथून दहा हातांवर उभा होतो.

म्हणजे मी नव्हतो. मला मूल-बाळही नाही. पण ज्यानं मला हे सांगितलं तो होता, आणि तो जन्मात खोटं बोललेला नाही; फक्त जरा तिखटमीठ लावायची खोड आहे त्याला. तिखट त्याचं, मीठ माझं, बाकी सगळं खरं. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही जाऊन चौकशी कराल, आणि गाव खुशाल नाही म्हणेल.

तर जावईबापू म्हणजे त्र्यंबकराव सोनटक्के. मोजणीखात्यात चौतीस वर्षं भूकरमापक. भावाभावांत बांध पेटला की दोघांच्या मध्ये साखळी घेऊन उभं राहायचं, हे काम. ‘मी ठोकलेला हद्दीचा दगड कोर्टानंसुद्धा हलवला नाही,’ असं ते सांगत. कोर्टाला कुणी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि मनगटी घड्याळ मिळालं. शाल कपाटात गेली, नारळ चटणीत गेला. घड्याळ हातावर राहिलं.

समोर बसलेले ते मदारबाबा. गावाबाहेर चिंचेखाली फकिराचा तकिया आहे, तिथं राहतात. एक खोली, एक हिरवी चादर घातलेली कबर, एक विहीर आणि चार वाफे. वय कुणालाच माहीत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणते, मी लग्न होऊन आले तेव्हाही हे म्हातारेच होते.

“विचारतो,” त्र्यंबकराव म्हणाले. “मालन तुमच्या गावची लेक. नऊ दिवस झाले, भावाकडं येऊन राहिलीय. न्यायला आलो. सकाळी दारात उभी राहून म्हणाली, मदारबाबा हो म्हणाले तर येते. चहा दिला. पिशवी भरली नाही.”

“भांडलात?”

“छे! आवाजसुद्धा चढला नाही कधी. भांडायला वेळ कुठं होता?”

बाबांनी पहिल्यांदा मान वळवली.

“रिटायर झालात म्हणं?”

“आठ महिने झाले. पण रिकामा नाही बसलो!” त्र्यंबकरावांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. “आमच्याबरोबर सुटलेला एक जण बसला घरी. सहा महिन्यांत गेला. मी दुसऱ्याच दिवशी हे फ्रिजवर चिकटवलं. आयुष्याचा आनंद घ्यायचा तर तो शिस्तीत घ्यावा लागतो, बाबा.”

“वाचा. मला अक्षर येत नाही.”

“पाच, उठणे. पाच वीस, फिरणे. सहा दहा, हास्यक्लब.”

“हे काय?”

“गोल उभं राहून हसायचं. वीस मिनिटं.”

“कशाला?”

“कशाला असं नसतं. प्रकृतीला चांगलं.”

“बरं… पुढं.”

“सात, नाश्ता. साडेसात, पेपर. नऊ, ज्येष्ठ नागरिक संघ. मी चिटणीस आहे. अकरा दहा ते अकरा चाळीस, सौ.शी गप्पा. पावणेबारा, कॉम्प्युटरचा क्लास. एक…”

“थांबा. कुणाशी?”

“सौ.शी. मालनशी.”

“अर्धा तास.”

“रोज! आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही.” हे सांगताना त्यांची छाती थोडी पुढं आली होती. खोटं कशाला सांगू, बरीच आली होती.

“शेवटच्या दिवशी काय बोलली?”

छाती जागेवर गेली.

“ती म्हणाली… ‘अहो, एक सांगायचं होतं.’”

“मग?”

“अकरा अडतीस झाले होते.”

“मग?”

“म्हटलं, सांग की. ती मांडीवरचा पदर चाचपत राहिली. अकरा चाळीस झाले. म्हटलं, उद्या पहिलं तेच घेऊ.”

“आणि उद्या?”

“उद्या ती तुमच्या गावात.”

चिंचेवरून एक वाळकी काटकी पडली. कुणीच तिकडं पाहिलं नाही.

“बाबा… तिनं तुम्हाला सांगितलंय का, काय ते?”

“सांगितलंय.”

“काय?”

“तुम्हाला सांगायचं होतं ते मी कसं सांगू?”

“पण वाईट आहे का? एवढं तरी सांगा! आजार? मुलाचं काही? मी नऊ रात्री…”

बाबांनी हात वर केला. मग तोच हात समोरच्या वाफ्याकडं केला.

“यात लसूण लावायचाय. वाफसा आला की बोलू.”

वाफसा त्र्यंबकरावांना माहीत होता. चौतीस वर्षं शेतकरी त्यांना सांगत आले होते, ‘साहेब, वाफसा आला की या, आत्ता रानात साखळी चिखलात रुतेल.’ पाणी प्यालेली माती ना ओली ना कोरडी, हाताला मोकळी लागते, ती वेळ. तेव्हाच तिच्यात अवजार घालायचं.

“पाणी कधी दिलं?”

“परवा.”

“माती काळी… पण ऊन कडक आहे.” त्यांनी वाकून पाहिलं. वरून माती पांढरट पडली होती, बारीक भेगाही दिसत होत्या. “आलाय की! कुदळ द्या. दहा बाय चारचा वाफा, तासाभरात मोकळा करतो. मग बोलू. गाडी मिळेल.”

“आलाय म्हणता?”

“बाबा, जमिनीत गेली चौतीस वर्षं.”

“जमिनीवरनं गेली.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. कुदळ त्या भिंतीला टेकवलीय.”

त्र्यंबकरावांनी आधी सुतळी मागितली. चारी कोपऱ्यांना काड्या रोवल्या, सुतळी ताणली, कर्ण मोजून कोपरे काटकोनात आहेत याची खात्री केली. लसणाला काटकोन लागत नाही, पण ते असो. मग पँट दुमडली आणि पहिला घाव घातला.

वर पापडी होती. खाली माती लोण्यासारखी. कुदळीबरोबर मोठमोठी तुकतुकीत ढेकळं वर येत होती. अवजाराला माती चिकटत होती, चपलांना चिकटत होती, घड्याळाच्या काचेवर उडत होती. ते अंगठ्यानं काच पुसत आणि पुढचा घाव घालत.

आणि गंमत अशी, की त्यांना बरं वाटत होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. हात चालू होते तोवर ते ‘एक सांगायचं होतं’ ऐकू येत नव्हतं.

बाबा नमाज पढून आले, भाकरी खाऊन आले, परत बांधावर बसले.

दीड वाजता अर्धा वाफा उकरून झाला होता. बाबा उठले. सकाळी पहिल्यांदा वर आलेलं एक ढेकूळ त्यांनी पायानं उलटं केलं. उन्हानं ते भाजून निघालं होतं. कुदळ घेऊन त्यावर हलकेच मारली.

ठण्.

“जावईबापू, यात लसूण लावू, का याची भिंत बांधू?”

“फोडतो की!” त्र्यंबकरावांनी कुदळ हिसकावली, जोर लावून हाणली. एका विटेच्या दोन विटा झाल्या. पुन्हा हाणली. कुदळीचा दांडा मनगटापर्यंत झिणझिणला.

“आता पुढच्या पाण्यापर्यंत हे असंच राहणार,” बाबा म्हणाले. “चिखलात घातलेली कुदळ.”

त्र्यंबकरावांचा तोल गेला. घाम डोळ्यांत उतरला होता, भूक लागली होती आणि पावणेतीन तासांनी गाडी होती.

“मग आधी सांगायचं होतं! तुम्हाला दिसत होतं ना ओली आहे ते? इथं बसून बघत राहिलात! मला सांगायचं होतं…”

“सांगायचं होतं,” बाबा म्हणाले. “तुम्ही थांबलाच नाहीत.”

त्र्यंबकरावांनी कुदळ खाली ठेवली.

बाबांनी वाफ्याच्या राहिलेल्या अर्ध्या भागातून मूठभर माती उचलली. लाडू वळतात तशी दाबून वळली. गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडली.

ढप्.

लाडू होता तसा पडून राहिला.

“अजून नाही. फुटायला पाहिजे.”

“मग आता?”

“बसा.”

“तोवर विहिरीचं पाणी काढू?”

“रांजण भरलेला आहे.”

“अंगण झाडतो.”

“झाडलंय.”

“मग मी करू काय?”

“बसा.”

“बसून?”

“बसून बसा.”

त्र्यंबकराव बसले. बसले म्हणजे बांधाला टेकले. एक पाय सारखा हलत होता. दर थोड्या वेळानं अंगठा घड्याळाच्या काचेवर जात होता. दोन वीस. दोन सव्वीस. दोन एकोणतीस.

“तुम्हाला कंटाळा नाही येत, बाबा? दिवसभर करता काय? आमच्या संघात या एकदा. निवृत्तीनंतरच्या आनंदावर माझं भाषण असतं.”

“मी अजून कामाला लागलोच नाही,” बाबा म्हणाले. “निवृत्त कशातनं होऊ?”

तीन वाजता बाबांनी पुन्हा लाडू वळला. ढप्. पावणेचारला पुन्हा. ढप्.

चार वाजून दहा मिनिटांनी मारुतीच्या पाराकडून हॉर्न ऐकू आला. गाडी येऊन उभी राहिली होती.

त्र्यंबकराव ताडकन उठले.

“बाबा, हो म्हणा. नाही तर नाही म्हणा. पण काहीतरी म्हणा! उद्या नऊला संघाचा कार्यक्रम आहे, मला बोलायचंय. ही गाडी चुकली तर…”

“जा की. कुणी धरलंय?”

“आणि मालन?”

बाबा वाफ्याकडं बघत होते.

त्र्यंबकराव निघाले. रागानं निघाले. जुन्या सवयीनं पावलं मोजत निघाले. दर पावलाला चपलेखाली काळ्या मातीचा नवा थर चढत होता. वीस पावलांत त्यांची उंची दोन बोटं वाढली आणि पाय मणामणाचे झाले.

हॉर्न पुन्हा वाजला. लांब. आता निघेल.

एकविसाव्या पावलाला त्यांच्या डोळ्यांसमोर उद्याचे अकरा दहा आले. दोन खुर्च्या. एकीवर ते. समोरची…

ते उभे राहिले. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, आणि मग पाराकडून धूळ उठली. ती धूळ खाली बसेपर्यंत ते तिकडं बघत होते.

परत आले. बाबांनी सरकून जागा केली. ती करायची गरज नव्हती. बांध चांगला शंभर हात लांब होता.

या खेपेला त्र्यंबकराव खरोखर बसले. हातांचं काय करायचं ते कळेना. शेवटी गुडघ्यांवर ठेवले, शाळेच्या फोटोत ठेवतात तसे. घड्याळाच्या काचेवरचा चिखल वाळला होता. वाळू दिला.

पाय हलायचा थांबला… आणि ते वाक्य आलं. ‘अहो, एक सांगायचं होतं.’

या वेळी त्यांनी ते हाकललं नाही. येऊ दिलं. आणि त्याच्यामागून ती सगळी सकाळ आली, जशी होती तशी. अकरा अडतीस. मालन खुर्चीत. पदर चाचपतेय.

पण पदर चाचपत नव्हती. मांडीवरून चष्मा खाली घसरला होता आणि ती तो शोधत होती. चष्मा तिच्या पायाशीच होता. लख्ख उजेडात.

मोजणीखात्यातल्या माणसाला एक दगड सापडला की दुसरा सापडतो. त्या आधीच्या आठवड्यात आमटीत दोनदा मीठ. ते म्हणाले होते, लक्ष कुठंय तुझं? त्याच्या आधी टेबलाच्या कडेबाहेर ठेवलेला कप. त्याच्या आधी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळली होती. ते क्लासला निघाले होते, वरूनच म्हणाले होते, सांभाळून. आणि दोन महिन्यांपूर्वी तिनं विचारलं होतं, ‘तो फ्रिजवरचा कागद जरा मोठ्या अक्षरात लिहाल का?’ ते म्हणाले होते, पुढच्या महिन्यात बदलणारच आहे.

एकेक दगड रांगेत आला. हद्द पुरी झाली.

“बाबा…” त्यांनी विचारलं. “तिला दिसत नाही?”

बाबा वाटेकडं बघत होते.

वाटेवरून मालनबाई येत होत्या. डोक्यावर पदर, एका हातात भाकरीचं फडकं, दुसरा हात कुंपणाच्या काट्यांच्या जरा वरून चालत होता, कुंपण आहे ना याची खात्री करत. लग्नाच्या सदतीस वर्षांत त्र्यंबकरावांनी बायकोला अशी लांबून चालत येताना शेवटची केव्हा पाहिली होती, त्यांना आठवेना. ते उठले. धावावंसं वाटलं. मग वाटलं, धावत गेलो तर दचकेल. जागेवरच उभे राहिले.

“गाडी गेली ना?” मालनबाईंनी जवळ येऊन विचारलं.

“गेली.”

“मग? तुम्ही गेला नाहीत?”

“नाही.”

“चुकली?”

“नाही. चुकवली.”

मालनबाईंनी फडकं बांधावर ठेवलं. हातानं जागा बघून बसल्या.

“मालन… तुला एक सांगायचं होतं.”

“हो.”

त्र्यंबकराव बसले. त्यांच्या डोक्यात सोमवार तयार झाला होता. सोमवारी साडेदहाला नेत्रालय, त्याआधी रक्ततपासणी, संघातल्या एकाचा भाचा डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्याचा नंबर डायरीत, डायरी वरच्या खिशात. हात खिशाकडं गेलाही.

“सोमवारी आपण…”

बाबांनी नुसतं त्या हाताकडं पाहिलं.

हात खिशापाशी थांबला. तिथंच राहिला. मग हळूहळू खाली आला. हे लिहायला एक ओळ लागली, पण त्या हाताला हद्दीचा दगड उपटण्याइतके कष्ट पडले.

“डाव्या डोळ्यानं नुसता धूर दिसतो,” मालनबाई म्हणाल्या. “उजव्यानं अजून बरं आहे. मी जाऊन आले दवाखान्यात. मोतीबिंदू म्हणाले. काढता येतो, अर्ध्या तासाचं काम म्हणाले.”

“मग…”

“ते नव्हतं सांगायचं.”

त्र्यंबकरावांनी तोंड मिटलं.

“आईचा डोळा मोतीबिंदू काढायच्या वेळेलाच गेला. मी होते तिच्याजवळ. पट्टी सोडली तेव्हा ती म्हणाली, दिवा लावा गं. दुपारचे बारा वाजले होते…” त्या थांबल्या. “मला भीती वाटते हो. एवढंच सांगायचं होतं.”

मालनबाईंनी भाकरीचं फडकं जवळ ओढलं.

“हे सांगायला दोन मिनिटं पुष्कळ होती. तुमच्याकडं तेवढी होती त्या दिवशी. पण सांगून झाल्यावर तुम्ही उठून गेला असतात.”

त्र्यंबकरावांकडं म्हणायला पुष्कळ होतं. आता विज्ञान पुढं गेलंय, तेव्हाची गोष्ट वेगळी, घाबरायचं काही कारण नाही. त्यातलं काही म्हणाले नाहीत. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला.

“चिखल आहे हाताला,” मालनबाई म्हणाल्या.

“आहे.”

त्यांनी हात काढून घेतला नाही.

मग मालनबाई बोलू लागल्या. आईबद्दल, डोळ्याबद्दल, मग भावाच्या सुनेबद्दल, मग हास्यक्लबात मागं उभ्या राहणाऱ्या त्या बाईबद्दल, जी हसताना रडल्यासारखी दिसते. त्र्यंबकराव ऐकत होते. ऊन चिंचेच्या बुंध्यावरून वर सरकलं, शेंड्यापर्यंत गेलं. भाकरी निम्मी निम्मी झाली.

सूर्य टेकला तेव्हा बाबांनी वाकून मूठभर माती घेतली. दाबली, वळली. दोघंही बोलायचे थांबले. बाबांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरून लाडू सोडला.

लाडू जमिनीवर पडला आणि रव्यासारखा मोकळा झाला. “आला वाफसा,” बाबा म्हणाले. “भर पोरी पिशवी.”

इथं थांबलो तर गोष्ट गोड होते, आणि मी बहुतेक ठिकाणी इथंच थांबतो. पण सुरुवातीला शपथ घेऊन बसलोय. पोर नसलं म्हणून काय झालं. तेव्हा सांगून टाकतो, यातली एक गोष्ट मी पदरची घातली आहे. आणि तुमच्यात कुणी रान कसणारा असेल तर त्यानं मला केव्हाच पकडलं असेल. काळी माती, परवा दिलेलं पाणी आणि आज सांजच्याला वाफसा? चार दिवस आणखी जातात.

लाडू फुटला नव्हता.

दुपारी पडला होता तसाच पडला. ढप्. एवढीसुद्धा भेग नाही.

मालनबाईंना तो नीट दिसला नाही, पण आवाज ऐकू आला. त्यांनी बाबांकडं तोंड केलं. त्र्यंबकराव त्या गोळ्याकडं बघत राहिले. बायकोच्या हातावरचा हात त्यांनी उचलला नाही, पण चेहरा उतरला.

“म्हणजे, बाबा… अजून वाफसा नाही.”

बाबा उठले. हाताची माती झटकली.

“मातीला नाही.”